कोकणात जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की सोलापुरातून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असे करत आंबा घाट उतरला की रत्नागिरी. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. बहुतेक कुटुंबे रात्रभर प्रवास करून थेट गणपतीपुळे गाठतात, दर्शन घेतात, दुपारी समुद्रात उतरतात आणि संध्याकाळी परतीला लागतात. आम्हीही अनेक वर्षे हेच केले. गेल्या दोन खेपांना मात्र रत्नागिरी शहरातच मुक्काम ठेवला आणि रोज सकाळी एखादा किनारा गाठून रात्री खोलीवर परत, असा क्रम धरला. समुद्र निवांतपणे पाहायला मिळाला तो तेव्हाच.

रत्नागिरीत पाहण्यासारखे किती आहे, हे घाईत जाणाऱ्याला कळत नाही. शहराला लागूनच मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा आहे. इल्मेनाइट या जड खनिजाच्या कणांमुळे ती वाळू काळी दिसते. मिरकरवाडा बंदराच्या पलीकडे गेले की वाळूचा रंग पालटतो, म्हणून त्या बाजूला लोक पांढरा समुद्रच म्हणतात. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. सुरूच्या बनाच्या कडेने जाणारा तो सरळ, लांब किनारा सकाळी चालण्यासाठी मला सर्वांत आवडला. उत्तरेला आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि वळणावर एकदम खाली दोन्ही किनारे दिसतात. तिथे गाडी थांबवून घरातली वयस्कर मंडळी बराच वेळ काही न बोलता उभी राहिली होती. त्याच दिवशी गणपतीपुळे आणि मालगुंडचे केशवसुतांचे जन्मघर सहज होते. दक्षिणेला पावस, गणेशगुळे, पूर्णगडचा किल्ला आणि खाडीपलीकडे गावखडी असा आणखी एक दिवस काढता येतो. गावखडीच्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे तिथे वाळूवर गाडी घालणे कटाक्षाने टाळावे.

मात्र हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आपल्याकडची मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, नाहीतर तलावात. तिथले पाणी ओढत नाही. माझा पुतण्या असाच पट्टीचा पोहणारा. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दिवशी, ऊन कलल्यावर, तो गणपतीपुळ्याला जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. परतणाऱ्या लाटेने पायांखालची वाळू नेली, तोल गेला आणि पाहता पाहता तो आत खेचला गेला. किनाऱ्यावरच्या एका स्थानिक तरुणाने धाव घेतली म्हणून तो आज आमच्यात आहे.

त्या तरुणाने नंतर आम्हांला जे सांगितले, ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ठाऊक असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. द्वितीयेला सुमारे दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तास पाणी ओसरत राहते आणि समुद्राकडची ओढ वाढते. खाडीच्या मुखाशी, म्हणजे भाट्याच्या टोकाला किंवा पूर्णगडला, ती विशेष जाणवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि पाडवा-भाऊबीज त्याला लागून. म्हणजे आपले लोक नेमके उधाणाच्या दिवसांत पोहोचतात आणि सूर्यास्त पाहण्यासाठी नेमके ओसरत्या पाण्यात उभे राहतात. संकष्टीला गणपतीपुळ्यात गर्दी असते, तेव्हाही हेच घडते. ज्या शहरातून दाते पंचांग महाराष्ट्रभर जाते, तिथल्या माणसाला तिथीवरून देवदर्शनाचा दिवस ठरवता येतो, पण त्याच तिथीवरून पाण्यात कधी उतरू नये हे त्याला कोणी सांगितलेले नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजापुरताच आहे. नेमक्या वेळा रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतात आणि त्या आधीच गणित करून जाहीर केलेल्या असतात. तेव्हा आपल्या वृत्तपत्राच्या सोलापूर आवृत्तीत दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, तसेच प्रत्येक संकष्टीच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा हवामानाच्या चौकटीशेजारी छापाव्यात, ही नम्र विनंती. चार ओळींची जागा पुरेल. शक्य झाल्यास दिवाळीच्या अंकापासूनच सुरुवात व्हावी.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर