गौरी उठल्या की धाराशिवला या

धाराशिव

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पुण्याच्या काकांना तुम्ही फोनवर म्हणालात म्हणे, "आमच्या मराठवाड्यात काय बघायचंय? ऊन, धूळ आणि टँकर." मला ते लागलं, म्हणून फोन न करता लिहायला बसले. बदली होऊन इथं आल्यापासून सुटीच्या दिवशी माझा पाय घरात ठरत नाही. आणि जे जे पाहिलं, ते तुम्हा दोघांना दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बाबा, तुमची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. पाण्याच्या पाळ्या, दारं, चाऱ्यांची गळती, रात्री-अपरात्री कालवा फुटल्याचे निरोप. म्हणून पहिल्यांदा नळदुर्ग. किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरी नदीवर दगडी बांध घातलाय, आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीतलं काम, म्हणजे 400 वर्षं झाली. पाऊसकाळ चांगला झाला की पाणी बांधावरून दोन धारांनी खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण जिन्यानं बांधाच्या आत उतरायचं आणि कमानीखालच्या सज्जात उभं राहायचं. बाजूला पाणी असं पडत असतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तोंडावर तुषार येतात, ओढणी भिजते. चार पावलं मागं सरकलं की खोली कोरडी. नदी डोक्यावरून चाललीय आणि आपण तिच्या खाली उभे आहोत, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ तिथून हललेच नाही. त्या लोकांनी सांडवा कसा काढला असेल, एवढा दाब त्या भिंतीनं कसा पेलला असेल, हे तुम्ही मला तिथं उभं राहून समजावून सांगायचं. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, पण घाई कुणाला आहे? बसत बसत उतरू.

बीडची खजाना बावडीही तुमच्याचसाठी. निजामशाहीतली, 16व्या शतकातली विहीर. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येतं आणि दुसऱ्या बोगद्यानं शेतांकडं जातं. ना मोट, ना मोटार, नुसता उतार. ज्या मुलखाला सगळे कोरडा म्हणतात, त्याच मुलखात पाण्याचं एवढं शहाणपण होतं, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही.

आई, तुला तेरला न्यायचंय. गोरोबाकाकांचं तेर! थापटणं घेऊन काकांनी संतमंडळींची डोकी तपासली आणि आपल्या नरसीच्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. तेरणेच्या काठी त्यांचं मंदिर आहे, तिथं तू पाहिजे तेवढा वेळ बस. मग गावातच त्रिविक्रमाच्या देवळात जाऊ. हे देऊळ दगडी नाही, विटांचं आहे, आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. जाणकार ते मूळचं बौद्ध चैत्यगृह मानतात. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात.

याच तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणच्या बरोबरीनं तगरचं नाव येतं: पैठणहून 10 दिवसांच्या वाटेवर, आणि इथून जाडंभरडं कापड नि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायची. बाबा, आपल्या काळ्या रानातल्या कापसाला तेव्हापासून गिऱ्हाईक आहे!

तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. लहानशीच, अंगावर दागिने. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली. ते शहर सन 79 मध्ये गाडलं गेलं. मी काचेला नाक लावून त्या बाहुलीकडं बघत राहिले. गंगथडीच्या पोरी ज्या पांदीतून जातात, तसल्याच वाटांवरून तिची बहीण पार समुद्रापलीकडं गेली असेल, असं सारखं मनात येत होतं.

खरोशाची लेणी, परांड्याचा किल्ला सवडीनं. अंबाजोगाईला मात्र येता येताच थांबू. योगेश्वरीचं दर्शन घेऊन आपण दर वर्षी तसेच माघारी फिरतो. तिथल्या हत्तीखाना नावाच्या लेण्यात दगडात कोरलेले मोठाले हत्ती आहेत. संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ ज्या कापडावर लिहिला, ती पासोडीही त्याच गावात जपलेली. एवढं उशाशी असून आपण लांबच्या सहलींचे पैसे भरतो.

सगळीकडं सोय नाही, हेही सांगून ठेवते. कुठं माहितीची पाटी नाही, कुठं बायकांसाठी आडोसा नाही. म्हणून पाण्याच्या बाटल्या, चटई आणि दशम्या आपल्या आपण घ्यायच्या. गाडी मी ठरवते.

गौरी उठल्या की लगेच या, नळदुर्गला तेव्हा पाणी असण्याची आशा जास्त. अंबाजोगाई करायची म्हणून रस्त्यानंच या; दादा सोडायला येतो म्हणालाय. आईच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या आणि बाबांचा गुडघ्याचा पट्टा विसरू नका. काकांनाही कळवा, त्यांना यायचं असेल तर माझ्याकडं जागा आहे.

तुमची
सुमन