रिपोर्टमधला एकच आकडा वाचू नकोस

सोलापूर

चि. मृणालला अनेक आशीर्वाद.

काल रात्री रिपोर्ट वाचून दाखवताना तुझा आवाज कापत होता आणि मलाही फोनवर नीट काही सुचले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. तुझ्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे, वाढलेले आहे हे खरे, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडू लागली की वाढणारे संप्रेरक, २.६ आहे, म्हणजे मर्यादेत आहे. या दोन्ही ओळी एकत्रच वाचायच्या असतात.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीमध्ये संप्रेरक तयार होण्यासाठी पेरॉक्सिडेज नावाचे विकर लागते. आपलीच प्रतिकारशक्ती त्याला परके समजू लागली की रक्तात ही प्रतिपिंडे दिसतात. हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच, आणि त्यात ग्रंथी बहुधा वर्षानुवर्षे, हळूहळू झिजते. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम भागात लोकांची वीस वर्षे पाहणी झाली. तिथे टीएसएच ठीक असून केवळ प्रतिपिंडे असलेल्या शंभर स्त्रियांमागे दरवर्षी साधारण दोघींनाच थायरॉइडची कमतरता झाली. म्हणून आज तुला गोळीची गरज नाही, नजर ठेवण्याची मात्र आहे.

माझ्यावर ती कुणी ठेवली नाही. तू नववीत असताना भर मे महिन्यात, सगळे सोलापूर उन्हाने भाजत असताना, मी दुपारी पंखा बंद करायला लावून चादर पांघरून पडत असे, ते तुला आठवत असेल. बोटे इतकी सुजली होती की हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात. दोन वर्षे मला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या आणि वयाचा भाग आहे असे सांगण्यात आले. शेवटी टीएसएच तपासले, ते ६८ निघाले. पुढे थायरॉइडची गोळी सुरू झाली तरी मी ती चहाबरोबर आणि लोहाच्या गोळीसोबतच घेत होते, त्यामुळे डोस वाढवूनही आकडा उतरेना. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन चहा तासाभराने आणि लोह चार तासांनी, असे सुरू केल्यावर दोन महिन्यांत फरक दिसला.

तू दर तीन महिन्यांनी अँटी-टीपीओ करून घेऊ नकोस. तो आकडा वरखाली झाल्याने उपचार बदलत नाहीत. वर्षातून एकदा टीएसएच कर. केसांसाठी घेतेस त्या गोळ्यांत बायोटिन असते आणि त्याने तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेव. आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवावर जाऊ नकोस.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुम्ही दोघे बाळाचा विचार करत आहात. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर होते, आणि प्रतिपिंडे असलेल्या ग्रंथीला तो वाढीव भार कधीकधी पेलत नाही. म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखव, आणि राहिल्यावर पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करायचे का, हे त्यांना स्वतःहून विचार. संकोच करू नकोस.

गड्ड्याच्या जत्रेला याल तेव्हा मूळ रिपोर्ट घेऊन ये. माझे पहिल्यापासूनचे सगळे कागद तारखेवार लावलेले आहेत. तुझ्या डॉक्टरांसाठी त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवते.

तुझी,
आई