झडत्या घटल्या, खूनही घटले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील पोलिसांच्या वर्णभेदाचा विषय निघाला की ‘पण त्यामुळे गुन्हे तर कमी झाले ना?’ असे हमखास विचारले जाते. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही, म्हणूनच न्यूयॉर्कचा अनुभव आकड्यांनिशी पाहायला हवा.

वाजवी संशय असल्यास एखाद्याला रस्त्यात थांबवून त्याची अंगझडती घेण्याची मुभा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये ‘टेरी विरुद्ध ओहायो’ खटल्यात दिली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत या मुभेचा शिरस्ता झाला आणि एकट्या 2011 या वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना थांबवले. त्यांत दहांपैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) होते, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रसंगी ना अटक झाली, ना समन्स निघाले. हिंसक गुन्ह्यांतील संशयितांची जी वर्णने मिळतात त्यांच्याशी हे प्रमाण जुळते, असा न्यायालयात शहराचा बचाव होता. तो वरवर पटतोही. परंतु थांबवलेल्यांपैकी बहुतेक जण निर्दोषच निघत असतील, तर त्यांचे प्रमाण गुन्हेगारांच्या प्रमाणाशी ताडून पाहणे चूक आहे, असे न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ऑगस्ट 2013 च्या निकालात म्हटले आणि ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो: कृष्णवर्णीयांना थांबवल्यावर 1.0 टक्के वेळा शस्त्र सापडले, तर गोऱ्यांना थांबवल्यावर 1.4 टक्के वेळा. म्हणजे रंग पाहून संशय घेण्यात अन्याय तर होताच, शिवाय पोलिसांचा नेमही चुकत होता.

पुढे 2017 पर्यंत लोकांना असे थांबवल्याचे नोंदवलेले प्रसंग वर्षाला 12 हजारांच्या खाली आले (नोंद न झालेले काही असतीलच). 2011 मध्ये शहरात 515 खून झाले होते. 2017 मध्ये ते 292 झाले. झडत्या घटल्यामुळे खून घटले, असा याचा अर्थ मुळीच नाही; झडत्यांवाचून शहर हाताबाहेर जाईल ही भीती मात्र खरी ठरली नाही. 2020 मध्ये खून पुन्हा वाढले खरे, पण त्या वर्षी ते देशभरच सुमारे 30 टक्क्यांनी वाढले.

हिंसेची सर्वाधिक झळ कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांनाच बसते, त्यामुळे तेथून पोलीस काढून घ्या असे कोणी म्हणू नये. मात्र खुनाचा छडा लागण्यासाठी शेजाऱ्याने साक्ष द्यावी लागते, आणि ज्या तरुणाला महिन्यातून दोनदा विनाकारण भिंतीला टेकवून उभे केले जाते तो पोलिसांपुढे आपणहून तोंड उघडेल अशी अपेक्षा करणे कठीण आहे. खुद्द ब्लूमबर्ग यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये या धोरणाबद्दल माफी मागितली. अर्थात, तेव्हा ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरण्याच्या बेतात होते.

आपला,
एक वाचक