यादीत न मावणारं संशोधन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी लागली की कोणत्या विद्यापीठाचे किती प्राध्यापक त्यात आले, याच्या बातम्या आपल्या पानांवर ओळीने येतात. त्यांचं अभिनंदन आहेच. पण ही यादी लागते शोधनिबंधांचा इतरांनी किती उल्लेख केला त्यावरून. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जातींवर इथली कितीतरी घरं चालतात. वेंगुर्ला-7 ची एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. त्या यादीत याला जागा नाही.

आंब्याचंच पाहा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 साली नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही जात दिली. फळात साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) नाही, झाड फळ धरायला हापूससारखं एक वर्षाआड रुसत नाही. पुढे रत्ना आणि पुन्हा हापूस यांच्यातून 1992 मध्ये सिंधू आली, तिची कोय अगदी पातळ. (बाजारात तरी हापूसचंच नाव चालतं, तो दोष संशोधकांचा नव्हे.) मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यातली बरीचशी नर. भर थंडीत सकाळी चिमट्याने एकेका फुलाचे परागकोश काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, आणि त्यातली बहुतेक फळं गळून जाणार हे धरूनच चालायचं. जे फळ टिकेल त्याची कोय रुजवून रोपाला पहिला आंबा धरेपर्यंत काही वर्षं जातात. मग चव, साका, उत्पन्न तपासत आणखी कितीतरी हंगाम. तोवर संकर करणारा निवृत्तही झालेला असतो. दरवर्षी कामगिरीचा तक्ता भरायचा असेल, तर अशा कामाला हात कोण घालणार?

शिवाय हे एकट्या शास्त्रज्ञाचं काम नव्हे. परागीकरणाच्या पिशव्या बांधणारे, झाडांच्या नोंदी ठेवणारे, कलमं बांधणारे प्रक्षेत्रावरचे मजूर आणि कृषी सहायक हेही विद्यापीठाचेच कर्मचारी. त्यातले काही वर्षानुवर्षं रोजंदारीवर. कोणत्या झाडाला कोणता पराग लावला हे साहेबांइतकंच त्यांना ठाऊक असतं. त्यांची नावं बातमीत आलेली माझ्या तरी वाचनात नाहीत. आणि जाणता माणूस निवृत्त झाल्यावर त्याची जागा रिकामी ठेवली, तर त्याच्या हाताखाली शिकणार कोण? कृषी पदवीच्या मुलांना कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायचं कलम, पुस्तकातून येत नाही, बांधणाऱ्या हातांकडे बघूनच येतं.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती दरवर्षी नव्या जातींना मान्यता देते. त्या वेळी जात कोणत्या केंद्रावर, किती वर्षांत तयार झाली आणि तिच्यामागे मजुरांपासून शास्त्रज्ञांपर्यंत कोण कोण होतं, हे विद्यापीठांनी जाहीर करावं. आणि आपण ते दोन टक्क्यांच्या बातमीइतक्याच जागेत छापावं, ही विनंती.

आपला,
एक बागायतदार, जि. सिंधुदुर्ग