आप्पा, ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर ओढा

श्टुटगार्ट
१८ जानेवारी

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी बरा आहे. थंडी कडक आहे, पण वर्कशॉपमध्ये हीटर असतो, आईने काळजी करू नये. आप्पा, गाडीचं काम फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मागच्या मंगळवारी एक जुनी डिझेल गाडी आली. सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरायचं आणि थांबायचं. मालकाने बॅटरी आधीच नवीन टाकलेली. मी मीटर लावला, १२.६ व्होल्ट. म्हटलं, सेल्फ गेला, उतरवू या. आमच्या माइस्टरनी हात धरला. (इथे मिस्त्रीला माइस्टर म्हणतात आणि त्याची वेगळी परीक्षा असते.) त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर टेकवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाले, आता मार सेल्फ. मीटरवर १.४ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जायला नको. म्हणजे सेल्फला मिळायचं ते परतीच्या वाटेवरच, अर्थमध्ये, खाल्लं जात होतं.

अर्थची पट्टी काढली. वरून चांगली दिसत होती. पण तांब्याची वीण लगमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, शिरते तिथे हिरवी भुकटी साचलेली, आणि जरा वाकवल्यावर तारा वाळल्या पाचटासारख्या तुटल्या. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते सगळं खालून लागतं. नवी पट्टी घातली, मीटर ०.१ वर आला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. त्या वेळी तुम्ही शेजारी असायला हवे होतात.

कारण शाळेत याला व्होल्टेज ड्रॉप म्हणून जे शिकवलं, ते तुमच्या टेस्ट लॅम्पने मला दहावीतच दाखवलं होतं. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. तुमचा तो ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून कुजक्या वायरवर मिणमिणतो. तुम्ही म्हणायचात, उजेड बघ, आकडा नको. ते शंभर टक्के बरोबर होतं.

आणखी एक. रिलेवरचे, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणाऱ्या त्या स्विचवरचे, ३०, ८५, ८६, ८७ आपण पाठ करून ठेवलेत ना? ३० ला बॅटरी, ८५-८६ ला कॉइल, ८७ ला हॉर्न. हे नंबर इथल्या डिन ७२५५२ या जर्मन स्टँडर्डमधले आहेत. त्यात १५ म्हणजे चावी दिल्यावर येणारा प्लस, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये वर्कशॉप काढलं ते याच श्टुटगार्टात. आपल्या कराडच्या दुकानातल्या फळीवर मी लहानपणी वाचलेले आकडे पहिल्या दिवशी वर्गात फळ्यावर पाहिले. घशात आवंढाच आला.

पण आप्पा, एक गोष्ट हात जोडून सांगतो. नव्या गाड्यांत तो लॅम्प सगळीकडे लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या वायरला तर कधीच नाही, तेवढ्या करंटने एअरबॅग उडू शकते, आणि तुमचं तोंड स्टिअरिंगजवळ असतं. ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, वायरवरही नको, आतलं सर्किट जळतं. तिथे मीटरच. आणि स्कॅनर दोन-चार कंट्रोल युनिट (असेच गाडीतले कॉम्प्युटर) बोलत नाहीत असं दाखवू लागला की दादाला सांगा: बॅटरी काढायची, डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजायचे. बहुतेक गाड्यांत कॅनच्या, म्हणजे ही युनिट एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरी तिथेच येतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. तेवढ्यावरून निम्मं काम होतं, महागडा ईसीयू उगाच बदलायला लागत नाही.

आता मुख्य. ऊसाचा हंगाम जोरात असेल, ट्रॅक्टरवाले मागच्या लाइटी करून घ्यायला येत असतील. आपण ट्रॉलीला प्लसच्या वायरी नेतो आणि अर्थ हुकाच्या पिनेवर सोडतो. त्या पिनेला ग्रीस, माती, गंज. मंगळवारची पट्टी हातात धरली तेव्हा मला तीच पिन आठवली. दोन ट्रॉल्या मागे असतील तर दोन पिना. दुकानात लाइट लख्ख लागते आणि रस्त्यावर हादऱ्यांनी विझते, आणि रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला समोर नुसता काळा ढीग. ट्रॅक्टरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत अडीच एमएमची अर्थची वेगळी वायर ओढा. गिऱ्हाईक पैसे देत नसेल तर वायरचे मी पाठवीन. लॅम्प लावून शेवटच्या होल्डरवर बघा, ट्रॅक्टर चालू ठेवून, ट्रॉली हलवून.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. दादाला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा.

तुमचा,
धाकटा

ता. क. वायर टाकलेल्या पहिल्या ट्रॉलीचा रात्रीचा फोटो पाठवा, मागून काढलेला.