सीनेच्या पुराचा चालू नकाशा सर्वांना दिसू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीला आलेल्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील अनेक गावे वेढली गेली. लांबोटीजवळ पुण्याचा आणि पुढे विजयपूरचा महामार्गही बंद ठेवावा लागला. पंचनामे आणि मदतीच्या रकमांवर तेव्हापासून पुष्कळ बोलले जाते, पण पूर चढत असताना निर्णय घेणाऱ्यांच्या आणि नदीकाठच्या माणसांच्या हाती कोणती माहिती असावी, या प्रश्नाकडे मला लक्ष वेधायचे आहे. त्यासाठी पूल, रस्ते आणि वस्त्यांची त्या क्षणाची स्थिती दाखवणारा एक चालू नकाशा हवा, असे माझे म्हणणे आहे.

उजनी धरण किती टक्के भरले, हे सोलापुरात पानटपरीवरही सांगतात. सीनेकडे मात्र पाणी अंगणात येईपर्यंत कोणी पाहत नाही. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचे पाणी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून येते आणि बार्शी भागातून भोगावती येऊन मिळते. म्हणजे विसर्गाचे आकडे वेगवेगळ्या कार्यालयांतून निघतात आणि पाणी एकाच पात्रात येते. शिवाय हे आकडे क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असे असतात. एक लाख क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला, तर सुमारे साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली जाते, हा हिशेब अभियंत्याला पुरतो. काठावरच्या शेतकऱ्याला मात्र जनावरे आता सोडायची की सकाळी, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला पूल चालू आहे की नाही, एवढेच हवे असते.

साधने अजिबात नाहीत असे नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळीची तत्काळ नोंद घेणारी जलसंपदा विभागाची यंत्रणा आहे, २०२३ पासून केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच’ अ‍ॅपही आहे. उपग्रहाच्या रडार प्रतिमा ढगांतूनही पूरक्षेत्र दाखवतात, पण तोच उपग्रह त्याच जागेवर परत यायला काही दिवस जातात. नुकसानीच्या अंदाजासाठी त्या उत्तम असल्या, तरी आज रात्री कोणता रस्ता बंद करायचा, हे त्यांच्या भरवशावर ठरवता येणार नाही. ती माहिती काठावरूनच यायला हवी.

येथे खरी अडचण वस्त्यांची आहे. आपल्याकडे निम्मे गाव गावठाणात नसून शेतात राहते. बोट घेऊन आलेल्या पथकाच्या नकाशावर गावाचे नाव असते. मदत मागणारा मात्र ‘मळ्यातली वस्ती, ओढ्याच्या पलीकडे, जुन्या डीपीजवळ’ असे सांगतो. कोतवाल, पोलीस पाटील, पोस्टमन आणि वायरमन यांना हे पत्ते तोंडपाठ असतात, पण त्या रात्री नेमका त्यांचाच फोन लागत नाही. प्रत्येक वस्ती, तिथे जाण्याची वाट, वाटेतला ओढा आणि जवळची उंच जागा यांची अक्षांश-रेखांशासह नोंद उन्हाळ्यातच झाली, तर बोट कोठे आधी पाठवायची हे नियंत्रण कक्षात बसून ठरवता येईल. वृद्ध, गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले रुग्ण असलेली घरेही नोंदवावीत. मात्र तो तपशील कक्षापुरताच राहावा.

दुसरी गोष्ट वेळेची. पुराच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात आणि उघडलेला रस्ताही लोक बंद समजतात. म्हणून नकाशावरील प्रत्येक पुलासमोर ‘शेवटची नोंद किती वाजता’ हे ठळक दिसावे आणि नोंद दोन तासांपेक्षा जुनी झाली की तो पूल आपोआप करड्या रंगात जावा. जुन्या माहितीपेक्षा ‘माहिती नाही’ असे दिसलेले परवडते. पुलाच्या कठड्यावर रंगवलेली पातळीपट्टी आणि तिचा वेळेसह फोटो टाकणारा एक जबाबदार कर्मचारी, यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. उलट कोट्यवधींच्या कक्षात मोठा पडदा लावायचा आणि पट्टीच रंगवायची नाही, ही आपली जुनी खोड आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे जलसंपदा, महसूल, पोलीस, बांधकाम आणि महामार्ग या सर्वांची माहिती एका नकाशावर आणण्याचे काम त्यांच्याच पुढाकाराने होऊ शकते. वरच्या बाजूच्या कोणत्या ठिकाणी पाणी किती चढले की खालचा कोणता पूल बंद करायचा आणि कोणती वस्ती हलवायची, हे आधीच ठरवून नकाशात घालावे, म्हणजे ऐन मध्यरात्री फोनाफोनी करावी लागणार नाही. मोबाइल टॉवर बंद पडल्यास उपयोगी यावी म्हणून त्याची छापील प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी.

सुरुवात लांबोटी ते वडकबाळ या पट्ट्यापासून करावी, नकाशा सर्वांसाठी खुला ठेवावा आणि मे महिन्यात नदीकाठच्या ग्रामसभांमध्ये तो दाखवून चुकलेल्या वस्त्यांची नावे दुरुस्त करून घ्यावीत, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर