अल्बम बांधायचे यंत्र पूर्वी कधीही न पाहिलेल्या बाइंडर काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपण अल्बम बांधायच्या शिकवणीचे पैसे घेतले नाहीत, पातोळ्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून उलट त्यात सोललेल्या सुपाऱ्या भरून दिल्यात, आणि मी पायरी उतरत असताना एवढेच म्हणालात की हे सगळे कुठेतरी लिहून ठेव, आता मला विचारायला कोणी येत नाही. ते मी आज लिहून ठेवत आहे, आणि आपले नाव छापू नये ही आपली अटही पाळत आहे. आपण म्हापशाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहता आणि शाळांचे हजेरीपट, पंचायतींच्या वह्या व देवस्थानांच्या जमाखर्चाची बाडे बांधण्यात आपला जन्म गेला, एवढीच ओळख वाचणाऱ्यांना पुरे आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होते. फोंडा महालात हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही, कारण जत्रा म्हटली की पालखी आणि पालखीनंतर नाटक हा क्रम इथे ठरलेलाच असतो. त्या नाटकांची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची कृष्णधवल छायाचित्रे माझ्या वडिलांच्या ट्रंकेत होती. रंगलेली तोंडे, उधार आणलेले शेले, आणि लुगडे नेसून पदर सावरणारे आमचे आज सत्तरी ओलांडलेले एक शेजारी. चवथीला सगळा गाव घरी परततो, तेव्हा जुन्या नटांच्या चौदा घरांत या छायाचित्रांचा एकेक हातबांधणीचा छोटा अल्बम द्यावा, असे मी ठरवले. परदेशात असलेल्या भाच्याने सिंच नावाचे बाइंडिंगचे यंत्र आणून दिलेले होतेच. त्याने कागदाला व पुठ्ठ्याला इंचात दोन या हिशेबाने छिद्रे पाडता येतात आणि त्याच यंत्राच्या मागच्या बाजूने दुहेरी वेढ्यांची तार दाबून बंद करता येते. मुंबईहून बारा इंच चौरस जाड कागद मागवला, त्या प्रत्येकाची सहा इंचांची चार चौरस पाने कापली आणि ऐन आषाढात कामाला बसले.

पहिले तीन अल्बम आपण पाहिलेच आहेत, त्यामुळे त्यांचे वर्णन आपल्यासाठी नव्हे, इतरांसाठी करते. एकाचे तोंड मगरीसारखे उघडे राहिले होते. दुसऱ्याची काही पाने आत वळली होती आणि काही वर, जणू त्यांचे आपसात भांडण झाले होते. तिसऱ्याचे कव्हर ताटलीसारखे खोलगट झाले होते आणि पाने कव्हरच्या एका कडेला चिकटून, दुसरीकडे पाव इंच मोकळी जागा सोडून बसली होती. मी सगळा दोष यंत्राला देऊन मोकळी झाले होते. ज्या स्टेशनरीच्या दुकानात मी नवी तार विचारायला गेले, तिथल्या मालकांनी तार नसल्याचे सांगितले आणि वर आपला पत्ता दिला, याबद्दल त्यांचेही आभार याच पत्रात मानून घेते.

काका, श्रावणातल्या त्या पहिल्या शुक्रवारी पिशवीतून यंत्र काढून मी आपल्या पडवीत ठेवले तेव्हा आपण ते उचलून पाहिलेत, दांडा एकदा वरखाली केलात आणि असले काही मी आयुष्यात वापरलेले नाही असे सरळ सांगितलेत. मला वाटले, फेरी फुकट गेली. मग आपण माझा अल्बम घेतलात, एक पान दोन्ही तळव्यांत धरून आधी एका दिशेने व मग दुसऱ्या दिशेने किंचित वाकवलेत आणि म्हणालात, “बाय, मशीन बरें आसा, कागद तुवें आडवो धरला.”

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला पुढचे दोन तास बसावे लागले आणि ते दोन तास माझ्या आजवरच्या या छंदातले सर्वांत मोलाचे आहेत. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने, कागद ज्या दिशेने यंत्रातून पुढे सरकतो त्या दिशेने पडतात, आणि ओल लागली की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, रुंदीला फुगतो. हे सांगताना आपण माजघराच्या दाराकडे बोट दाखवलेत. पावसाळ्यात हे दार चौकटीत अडकते ते रुंदीला फुगते म्हणून. उंचीला वाढून कधी छताला टेकले आहे का, असे आपण विचारलेत. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, ही गोष्ट मी व्हिडिओंतून शंभर वेळा ऐकली होती आणि शंभर वेळा पुढे ढकलली होती. ती मला कळली त्या दारामुळे.

मग खरी चूक सापडली, आणि ती मोठी मजेशीर होती. आयताकृती कागदाची लांब बाजू कोणती हे निदान डोळ्यांना दिसते. मी मात्र चौरस कागदाचे चौरस तुकडे केले होते. चौरसाला उभे-आडवे काहीच नसते. कापून झाल्यावर गठ्ठा नीट करताना, वरची नक्षी सरळ दिसावी म्हणून, मी काही पाने नव्वद अंशांत फिरवली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून एकाच अल्बमात अर्धी पाने एका स्वभावाची आणि अर्धी दुसऱ्या स्वभावाची झाली. ज्यांचे तंतू तारेला समांतर होते ती पाने निमूट उलटत होती आणि ओलीने फुगली तरी मोकळ्या कडेच्या बाजूला फुगत होती. ज्यांचे तंतू तारेला काटकोनात होते ती नेमकी छिद्रांच्या रांगेच्या दिशेने वाढत होती; तारेचे अंतर ठरलेले, त्यामुळे वाढलेला कागद जाणार कुठे, तो लाटा काढत होता.

आपण उरलेल्या कागदातून एकाच रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्यात, एक उभी आणि एक आडवी, आणि दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरल्यात. एक पट्टी ताठ राहिली व दुसरीने मान टाकली. मान टाकणारी पट्टी तंतूंना आडवी कापलेली. त्यानंतर आपण कानामागची पेन्सिल काढून, अख्खा कागद कापण्यापूर्वीच, त्याच्या भावी चारही तुकड्यांच्या कोपऱ्यात तंतूंच्या दिशेने एकेक बारीक रेघ ओढलीत. छिद्रांच्या बाजूला असल्यामुळे ती रेघ पुढे तारेखाली झाकली जाते. चौदाही अल्बमांत ती रेघ आहे आणि चौदा घरांतल्या एकालाही ती अजून दिसलेली नाही.

कव्हर खोलगट का झाले, याचेही उत्तर आपणच दिलेत. पुठ्ठ्याला एकाच बाजूने नक्षीचा कागद गोंदाने चिकटवला की तो ओला असताना ताणला जातो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून तेवढ्याच ताकदीने ओढणारे अस्तर हवे, त्याचे आणि पुठ्ठ्याचे तंतू एकाच दिशेने हवेत, आणि दोन्ही बाजू लागल्यावर ते वजनाखाली वाळायला हवे. पुस्तके दाबून ठेवायचा आपला जुना शिकंजा वापरायला दिलात तेव्हा त्याच्या स्क्रूला लावलेल्या तेलाचा वास मला पुस्तकांच्या वासापेक्षा जवळचा वाटला. पूर्वी आपण मैद्याची खळ शिजवून तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत होता, हेही त्याच ओघात कळले. मी मात्र तयार सफेद गोंदच वापरला. खळ ओली फार असते आणि आषाढ-श्रावणात गोव्यात कुठलीच गोष्ट वेळेवर वाळत नाही, तेव्हा या एका बाबतीत आपल्यापेक्षा माझे बरोबर होते, असे आपणही शेवटी कबूल केलेत.

पाने एका कडेला का सरकली, याचा उलगडा दुसऱ्या शुक्रवारी झाला. माझे कव्हर पानापेक्षा वर आणि खाली प्रत्येकी सुमारे तीन मिलिमीटर मोठे होते, पण छिद्रे पाडताना मी पान व कव्हर दोन्ही यंत्रातल्या एकाच आडावर, म्हणजे कड अडवणाऱ्या भागावर, टेकवत होते. मग दोघांच्या कडा एका बाजूला जुळणारच. आपण एक शब्दही न बोलता पुठ्ठ्याची तीन मिलिमीटरची एक चिंचोळी पट्टी कापलीत, ती आडावर चिकटपट्टीने लावलीत आणि आता पानांना छिद्रे मार, असे सांगितलेत. कव्हर मारताना पट्टी काढायची, पाने मारताना लावायची, इतकेच. ज्या माणसाने हे यंत्र आदल्या आठवड्यापर्यंत पाहिलेही नव्हते, त्याने त्याच्यात एक भाग वाढवला. ती पट्टी अजून माझ्या यंत्राला आहे आणि भाच्याला फोनवर दाखवली तेव्हा ती यंत्राबरोबरच आली असेल असे त्याला वाटले. कडेवर अर्धवट छिद्र पडू नये म्हणून टोकाचा दाता ओढून बंद करता येतो, ही एवढी एकच गोष्ट मी आपल्याला शिकवली, आणि आपण तो दाता तीन-चार वेळा आत-बाहेर करून पाहिलात तेव्हा मला फार आनंद झाला.

उघड्या तोंडाची गोष्ट शुद्ध गणिताची होती. मी अर्धा इंची तार निवडली होती, कारण कोरी पाने आणि दोन पुठ्ठे मिळून जाडी जेमतेम नऊ मिलिमीटर भरत होती. आपण विचारलेत, फोटो कुठे आहेत? बारा पाने, दोन्ही बाजूंना एकेक छायाचित्र, म्हणजे चोवीस छायाचित्रे. एकेकाची जाडी पाव मिलिमीटर धरली तरी सहा मिलिमीटर वाढले. झाले पंधरा. वर पाने सहज उलटावीत म्हणून तीनेक मिलिमीटरची मोकळीक. म्हणजे अठरा, आणि त्याला लागते पाऊण इंची तार, जी भरते एकोणीस मिलिमीटर. हजेरीपट बांधताना वर्षभरात त्यात चिकटणारे कागद आधीच धरून वहीच्या पाठीला जागा सोडावी लागते, हे आपण चाळीस वर्षे करत होता. मी मात्र रिकाम्या अल्बमाचे माप घेऊन भरलेला अल्बम बांधायला निघाले होते.

तारेची तोंडे जिथे जुळतात तो सांधा दर्शनी बाजूला येऊन बोटाला लागत होता, त्याबद्दल मात्र आपण मला उत्तर दिले नाहीत, फक्त पाने आणि कव्हरे यांची चळत हातात देऊन विचार कर म्हणालात. मागचे कव्हर उलटे करून सगळ्यांच्या वर, म्हणजे पुढच्या कव्हरच्या पुढे ठेवायचे, तार दाबायची आणि मग ते फिरवून आपल्या जागी न्यायचे, म्हणजे सांधा शेवटचे पान आणि मागचे कव्हर यांच्यामध्ये लपतो. हे मला बसमध्ये, म्हापशाहून फोंड्याला परतताना सुचले. फोनवर सांगितले तेव्हा आपण नुसते “हां” म्हणालात. तो “हां” मी जपून ठेवला आहे.

एका गोष्टीवरून आपले बोलणे जरा चढले होते, तेही लिहायला हवे. मला मूळ छायाचित्रेच अल्बमात लावायची होती, कारण जुन्या कागदाचा पोत प्रतीमध्ये येत नाही. आपण ठाम नाही म्हणालात. गोव्याच्या हवेत आज ना उद्या बुरशी येणार, बांधलेले कधीतरी उसवावे लागणार, म्हणून ज्याची दुसरी प्रत नाही ते कधी चिकटवायचे नाही, असे आपले म्हणणे. तेव्हा मला राग आला होता. आता मूळ छायाचित्रे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहेत, आणि अल्बमात प्रती आहेत, त्याही चिकटवलेल्या नाहीत, चार कोपऱ्यांत खोचलेल्या आहेत. त्या लुगडे नेसलेल्या शेजाऱ्यांनी चवथीच्या दुसऱ्या दिवशी आपले छायाचित्र कोपऱ्यांतून अलगद काढले, नातसुनेला दाखवायला आत नेले आणि परत आणून उलटे खोचले. चिकटवले असते तर ते फाटले असते.

बोलता बोलता एकदा आपण म्हणालात की भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात आला, हे शाळेतली पोरेही सांगतात, पण तिथे छापलेले कागद शिवून, कापून, पुठ्ठ्यात बसवले कोणाच्या हातांनी हे कोणी विचारत नाही. मी त्यावर तेव्हा काही बोलले नाही. आपल्या जुजबंदीच्या, म्हणजे पाने शिवायच्या, सुया, हाडाची पट्टी आणि कडा रंगवायचे ब्रश ज्या पत्र्याच्या डब्यात आहेत, त्याची छायाचित्रे काढायला आपण परवानगी दिलीत तर पुढचा अल्बम त्यांचाच करायचा माझा विचार आहे. तो सुईदोऱ्याने शिवलेला असेल, तारेचा नव्हे, आणि ते शिवणे मला अजून येत नाही.

तेरा अल्बम सपाट आहेत. चौदाव्याचे मागचे कव्हर गणपती विसर्जनाच्या दिवशी भिजट हवेत पुन्हा किंचित वर आले. अस्तर मी बरोबर दिशेने लावले होते, रेघ तपासली आहे, वजनाखालीही दोन रात्री ठेवले होते. येत्या शुक्रवारी बाजाराला येते तेव्हा तो घेऊन येते. दुपारी आपली झोप झाल्यावर, चारच्या सुमारास.

आपली कृतज्ञ,
फोंड्याहून येणारी बाय